अर्ध्या ताकदीचे पैलवान

टिटवाळ्याला राहणाऱ्या माणसाला "व्यायाम वगैरे काही करता का?" असं विचारणं हा त्याचा अपमान आहे. घरासमोर रिक्षा मिळाली नाही तर स्टेशनपर्यंत झपाझप चाल. मग पुलाचे जिने. चढून-उतरून प्लॅटफॉर्मला पाय टेकतो तोच इंडिकेटरचं आणि अनाउन्समेंटवाल्या बाईंचं बिनसलंय असं कळतं. म्हणजे पुन्हा तेच जिने, या खेपेस धावत. डब्यात शिरणं ही कुस्ती, फक्त समोर एक नसून शंभर मल्ल आणि पंच कोणीच नाही. आत गेल्यावर नशीब जोरावर असलं तर चौथी सीट. ज्यांना चौथी सीट ठाऊक नाही (असे वाचक पुण्यात असू शकतात) त्यांच्यासाठी सांगायचं तर, तिघांच्या बाकावर चौथ्याने एकाच मांडीवर टेकायचं, दुसरी मांडी अधांतरी, पाय रोवलेला, आणि हे आसन दादरपर्यंत टिकवायचं. जिममध्ये हेच भिंतीला पाठ लावून करून घेतात आणि वर महिन्याची फी घेतात.

परतीच्या वाटेवर दीडएक तासाने कल्याण येतं. मग शहाड, मग आंबिवली. गाडी आसनगावची किंवा कसाऱ्याची असली तर टिटवाळेकराने आंबिवली सुटायच्या आतच दाराशी सरकायचं असतं, नाहीतर खडवलीचा वारा खाऊन यावं लागतं.

हा सगळा धडधाकट माणसाचा दिनक्रम झाला. पण त्याच पुलावर, त्याच गर्दीत एक निराळी जमात असते. ती दिसायला धडधाकटच दिसते, हीच तिची पंचाईत. कठडा धरून एकेक पायरी उतरणाऱ्या चाळिशीतल्या बाई दिसल्या की मागून आवाज येतो, "ओ मॅडम, मोबाईल नंतर बघा!" मॅडमच्या हातात मोबाईल नसतो. बोटं सुजलेली असल्यामुळे तो पर्समध्येच असतो.

आमवात, ल्युपस, हाशिमोटोचा थायरॉईड, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस. नावं नुसती ऐकली तर वाटावं, युरोपातल्या कुठल्या फुटबॉल संघाची यादी वाचतायत. पण या सगळ्यांचं घराणं एक, ऑटोइम्यून. परक्या जंतूंवर सोडायची ती शरीराची फौज स्वतःच्याच माणसांवर सुटते. कधी सांध्यांच्या अस्तरावर, कधी कातडीवर, कधी थायरॉईडवर, कधी मज्जातंतूंच्या वेष्टनावर.

हे समजून घ्यायला टिटवाळेकराला लांब जायला नको. इथल्या महागणपतीची आख्यायिका गावातल्या कोणत्याही पेढेवाल्याला पाठ आहे. कण्व मुनींचा आश्रम याच परिसरात होता, दुर्वासांच्या शापामुळे दुष्यंत आपल्याच बायकोला ओळखेनासा झाला, तेव्हा कण्वांच्या सांगण्यावरून शकुंतलेने इथे गणपतीची आराधना केली, असं सांगतात. आपल्याच माणसाला भर दरबारात "कोण तुम्ही?" म्हणून विचारणारा राजा! ऑटोइम्यून आजाराचं याहून नेमकं वर्णन मेडिकल कॉलेजातही मिळायचं नाही. फरक एवढाच की दुष्यंताची स्मृती जागी करायला एक अंगठी होती, माशाच्या पोटातून का होईना, ती मिळाली. गुडघ्याच्या अस्तराने कोणती अंगठी दाखवावी, हे अजून कोणाला सापडलेलं नाही. तोवर राजालाच थोडी गुंगी देऊन ठेवतात. त्या औषधांना इम्युनोसप्रेसंट म्हणतात.

शास्त्रज्ञांनाही हे पटायला वेळ लागला. शरीर स्वतःवर असं उलटणार नाही, असं पॉल एर्लिख या थोर जर्मन संशोधकाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं आणि थोरांचं ऐकायची सवय सगळीकडेच असल्यामुळे पुढची पन्नासएक वर्षं बहुतेकांनी ते मान्य केलं. 1956 साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग केले आणि सशाचं शरीर त्याच्याच थायरॉईडवर चाल करून जातं हे दाखवलं, तेव्हा कुठे शाप खरा ठरला.

आपल्याकडे हे दुखणं किती, याचा एक जुना आणि भरवशाचा हिशोब पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा आहे. भिगवणला लोक उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो बघायला आणि मासे खायला जातात. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी 1996 साली तिथे लोकांचे सांधे बघायला गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चाललेल्या त्या पाहणीत चार हजारांवर प्रौढांना घरोघर जाऊन विचारलं. शंभरात अठराजणांचं काही ना काही दुखत होतं. त्यात खरा आमवात मात्र हजारात पाचांनाच होता. आता गणित मांडा. हजारात एकशे ऐंशी दुखणेकरी, त्यात आमवाताचे पाच. उरलेले एकशे पंचाहत्तर या पाचांना सल्ला द्यायला मोकळे.

आणि ते देतात. "वांगं बंद करा." "मेथीचे दाणे गिळा, आमच्या साडूचे गुडघे त्यानेच सुटले." साडूची झीज वयोमानाची, बाईंचा आजार फौजेच्या बंडाचा, पण "संधिवात" या एकाच गोणीत सगळं भरलेलं असल्याने औषधंही त्याच गोणीतून निघतात. व्यायामाच्या बाबतीत तर सल्लागारांचे सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "अजिबात हलू नका, झिजतं ते." दुसरा म्हणतो, "बसून राहिलात म्हणूनच झालं हे, पहाटे उठून पळा." दोन्ही पक्षांना रोग्याची काळजी असते आणि दोन्हींकडे रिपोर्ट वाचायला वेळ नसतो.

पहिल्या पक्षाला निदान इतिहासाचा आधार आहे. एके काळी आमवाताच्या रोग्याला डॉक्टरच महिनोन्‌महिने निजवून ठेवत, सांध्यांना फळ्या बांधत. सूज उतरे, पण रोगी उठे तेव्हा स्नायूंनी राजीनामा दिलेला असे. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी जवळजवळ जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिझोनची इंजेक्शनं सुरू केली. आठवड्याभरात बाई उठल्या आणि गावात जाऊन तीन तास खरेदी करून आल्या. आधुनिक औषधाने मिळालेली हालचाल रोग्याने सर्वप्रथम बाजारात वापरली, याची कोणत्याही नवऱ्याला गंमत वाटणार नाही. हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1950 चं नोबेल मिळालं. अशा स्टेरॉइडांचं बिल नंतर आलं. ती दीर्घकाळ घेतली की हाडं ठिसूळ होतात, दंड-मांड्यांचे स्नायू विरघळतात. म्हणजे ज्या औषधामुळे चालता येतं त्याच औषधासाठी चालावंही लागतं.

पूर्ण विश्रांतीचं दुकान पुढे हळूहळू बंद झालं. नेदरलँड्समध्ये तीनशेवर आमवाताच्या रोग्यांवर दोन वर्षं एक प्रयोग चालला, त्याचे निष्कर्ष 2003 साली आले. निम्म्या रोग्यांनी आठवड्यातून दोनदा सव्वा-सव्वा तास सायकल, ताकदीचे व्यायाम आणि चक्क खेळ असा दणकून व्यायाम केला. त्यांची कामं करायची क्षमता सुधारली आणि आजार काही चिडला नाही. फक्त ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब होते त्यांनी जपावं, अशी एक तळटीप निघाली. तळटीप वाचायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून ती इथे मजकुरातच घातली आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली सांगून टाकलं की व्यायाम हा उपचाराचाच भाग धरा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शनात जुनाट आजारवाल्यांना धडधाकटांच्या पंगतीत बसवलं. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम, जमेल तसा, जमेल तेवढ्यापासून सुरू करून.

तेव्हा व्यायाम करावा की नाही, हा वाद मिटला. उरला प्रश्न किती करावा याचा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत व्यायाम निम्म्या ताकदीने करावा असं सांगितलंय. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की झाली निम्मी ताकद, थांबावं. आजचे फिजिओथेरपिस्ट "चालताना बोलता आलं पाहिजे, गाता मात्र येऊ नये" म्हणतात ते याच्या जवळपासचंच. (सोसायटीच्या कराओकेवाल्यांना ही कसोटी लागू नाही. त्यांना बसूनही गाता येत नाही.) वाग्भटाने तर अतिरेक करणाऱ्याला हत्ती ओढायला निघालेल्या सिंहाची उपमा दिलीय, आणि अतिरेकाच्या त्याच्या यादीत व्यायामाबरोबर जागरण, प्रवास, हसणं आणि बोलणंही आहे. म्हणजे टिटवाळ्याहून रोज सीएसएमटीला जाणारा माणूस व्यायाम सुरू करायच्या आधीच अर्धा हत्ती ओढून बसलेला असतो.

पण अर्ध्यावर थांबणं हे मराठी स्वभावात नाही. ताट अर्धं टाकू नये, पोथी अर्धी सोडू नये, काम अर्धवट ठेवू नये, असं लहानपणापासून बजावलेल्या माणसाला "बारा सूर्यनमस्कारांतले सहाच घाला आणि उठा" सांगितलं तर त्याला पाप केल्यासारखं वाटतं. औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारांचा एवढा प्रचार केला की संस्थानातली शाळकरी पोरंही ते घालायची. त्या वारशाला सहाचा आकडा पेलत नाही. आपल्याकडे आकडा एकतर बारा, नाहीतर एकशे आठ.

त्यात या आजारांचा लहरीपणा. आज सांधे धरलेत, उद्या मोकळे. परवा कारण नसताना असा थकवा की दात घासायचा ब्रश जड लागावा. मांडा-टिटवाळ्याच्या कुठल्याही सोसायटीत आमवाताच्या एक तरी काकू असतात. त्यांचा चांगला दिवस उजाडला की घरच्यांनी सावध व्हावं. काकू सकाळीच ठणठणीत उठतात आणि गेल्या आठ दिवसांची उधारी एका दिवसात फेडायला बसतात. माळा झाडला जातो, आठवड्याच्या भाज्या निवडल्या जातात, पडदे उतरतात, वर संध्याकाळी "आज बरं वाटतंय तर" म्हणून देवळाच्या तळ्याला दोन फेऱ्या जास्त. रात्री त्या विजयी मुद्रेने झोपतात. पुढचे तीन-चार दिवस त्यांच्याशी फक्त उशीचं बोलणं होतं. या आजारात वाईट दिवस तसे सुरक्षित, कारण त्या दिवशी माणूस काही करतच नाही. घात करतो तो चांगला दिवस. म्हणूनच जाणते फिजिओथेरपिस्ट काकूंना वाईट दिवशी काय करायचं ते सांगतात, पण त्याहून जास्त वेळ चांगल्या दिवशी काय करायचं नाही यावर घालवतात. मोजमाप सोपं आहे. व्यायामानंतर दोन तास उलटले तरी दुखणं आधीपेक्षा जास्तच असेल, तर पुढच्या खेपेला कमी करायचं. बंद नाही, कमी. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर त्याच्यावर वजन टाकायचं नाही, हलक्या हाताने नुसता फिरवून ठेवायचा, आणि बाकीच्या निरोगी अवयवांनी उगाच सहानुभूतीची रजा घ्यायची नाही.

पहाटेचंही असंच. ब्राह्ममुहूर्तावर उठून व्यायाम करणाऱ्यालाच मोक्ष, ही आपली श्रद्धा. आमवातवाल्याचे सांधे पहाटे गंज चढल्यासारखे असतात, तासभर, कधी त्याहून जास्त. तेव्हा त्याने गरम पाण्याची आंघोळ, चहा, पेपर असं करत अंग सुटल्यावर, नाहीतर सरळ संध्याकाळी, हातपाय हलवावेत. पण संध्याकाळी चालणाऱ्या माणसाला आपल्याकडे व्यायाम करणारा म्हणत नाहीत, भाजी आणायला निघालेला म्हणतात.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवाल्या पोराची गोष्ट नेमकी उलटी. हा आजार बहुधा पंचविशीच्या आसपास गाठतो. कंबर रात्री दुखते, पडून राहिलं की वाढते आणि हालचाल केली की कमी होते. घरात याचा अर्थ असा लावला जातो की कॉलेजला जायच्या वेळी दुखते आणि क्रिकेट खेळताना थांबते. बाप त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो ती वर्णनाच्या पलीकडची. पण पोरगा खरं बोलत असतो. त्याला आराम चालत नाही, पोहणं आणि पाठ ताणायचे व्यायाम मानवतात. मणके आधीच जुळून गेले असतील तर कबड्डीसारखे धसमुसळे खेळ मात्र नकोत, कारण असा कणा सहज मोडतो.

ल्युपसवाल्या बाईंचं वैर उन्हाशी. ऊन लागलं की अंगावर चट्टे उठतात, आजारच उसळतो, म्हणून त्या सूर्य कलल्यावर निघतात आणि तरीही छत्री उघडतात. टिटवाळ्यात पावसाळ्यात छत्री घेऊन निघालेल्याकडे कोणी बघत नाही, मार्चमध्ये निघालेल्याकडे सगळेच बघतात. मल्टिपल स्क्लेरोसिसवाल्याला ऊनच काय, नुसती उष्णतासुद्धा पुरते. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय जड होतात आणि अंग निवलं की परत जागेवर येतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने हे 1890 साली नोंदवलं. त्याला मे महिन्यात कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर उभं केलं असतं तर शोध आणखी लवकर लागला असता. अशा माणसाने पंख्याखाली, गळ्याला ओला टॉवेल लावून, थोडं थोडं करत व्यायाम करावा. बरं, म्हणून एसी लोकल सगळ्यांना सुखाची, असंही नाही. रेनॉचा त्रास असणाऱ्यांची बोटं गारव्याने पांढरी पडतात, मग निळी, आणि ऊब मिळाली की लाल. सहप्रवासी मे महिन्यात हातमोजे घातलेल्या बाईंकडे बघून घाम पुसत राहतात.

आता योगाबद्दल, जपूनच, कारण हा मजकूर वाचणाऱ्यांत एक तरी योगशिक्षक असणार. योगासनं या आजारांत उपयोगी पडतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी 1975 साली सुरू झालेल्या आपल्या संस्थेत दोरखंड, खुर्च्या, लाकडी ठोकळे आणि पट्टे यांच्या आधाराने आखडलेल्या, आजारी माणसांकडूनही आसनं करून घेतली. लहानपणी स्वतः मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पिळून काढलेला माणूस तो, खुर्चीला कमी लेखणं त्यांना परवडलंच नसतं. पण गल्लीतल्या वर्गात खुर्ची दिली की लोक "अय्यो, मी काय म्हातारी झाले का?" म्हणतात आणि शेजारणीच्या बरोबरीने हलासनात जातात. आमवात जुना असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधाही सैल झालेला असू शकतो, आणि वरून काहीच कळत नाही. तेव्हा शीर्षासन, सर्वांगासन, हलासन हे मानेवर भार टाकणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. जग उलटं बघायची हौस असेल तर वर्तमानपत्र आहे.

दुसरं संकट सोसायटीच्या ग्रुपवर येतं. "स्टेप चॅलेंज." रोज दहा हजार पावलं, रात्री दहाला स्क्रीनशॉट. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीचा नाही, डॉक्टरचाही नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. जाहिरातीतला आकडा साठ वर्षांनी मांड्याच्या काकूंना झोपेतून उठवून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लावतो. पावणेदहाला सात हजार तीनशे झालेले असतात. गुडघा "पुरे" म्हणतो, ग्रुप "कम ऑन काकू!" म्हणतो, आणि काकू गुडघ्याचं कधीच ऐकत नाहीत, कारण गुडघा अंगठा दाखवत नाही.

तिकडे जिममध्ये "नो पेन, नो गेन" लिहिलेला टीशर्ट घातलेला बावीस वर्षांचा ट्रेनर असतो. त्याला मुद्दाम सांगावं लागतं की बाबा, यांच्याकडे पेन आधीच भरपूर आहे, गेनचं बघ. तो भला मुलगा असतो, ऐकतो. फक्त त्याला आजाराचं नाव, चालू औषधं आणि कुठला सांधा वर्ज्य, एवढं आधी कागदावर लिहून द्यावं. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, आणि ती घेतल्यावर दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळतं, गळून जायला होतं. तो दिवस वजनं उचलायचा नाही. फौजेला गुंगी दिलेली असल्याने साधं इन्फेक्शनही महागात पडतं. ताप असताना व्यायाम नको, आणि काळू नदीला पूर येऊन रुंद्याचा पूल पाण्याखाली गेल्यावर "चालायचा नेम मोडायला नको" म्हणून पायाला जखम असताना गढूळ पाण्यातून फेरी तर मुळीच नको. लेप्टोस्पायरोसिस नेमवाल्यांना सूट देत नाही.

अंगारकीचा विषय टाळता येत नाही. संकष्टी मंगळवारी आली की टिटवाळ्याला आदल्या रात्रीपासून रांग लागते आणि काही भाविक लांबून पायी येतात. आजारी माणूस नवस करतो तो बरं वाटावं म्हणून, आणि फेडतो मात्र अनवाणी चालत येऊन, चार-चार तास उभं राहून. सांध्यांना सलग उभं राहण्याइतकी वाईट शिक्षा दुसरी नाही, चालणं त्यामानाने परवडलं. एरवी कुठल्याही बुधवारी दुपारी गेलं तर गाभाऱ्यापर्यंत निवांत पोचता येतं, तळ्याच्या काठाने छान सपाट फेरी होते, येताना बसायला जागाही मिळते. पण बुधवारी दर्शन घेतलं हे शेजारी सांगण्यासारखं नसतं.

राहिले हात. आमवात बोटांच्या पेरांवर आणि मनगटांवर सगळ्यात आधी बसतो, आणि मराठी स्वयंपाकघर तर सगळं मनगटावरच चालतं. इंग्लंडमध्ये 490 रोग्यांवर हातांच्या व्यायामाची चाचणी झाली, 2015 साली तिचे निष्कर्ष आले. बोटं-मनगट फिरवायचे सात आणि ताकदीचे चार असे अकरा प्रकार, रोज घरी. औषधांच्या जोडीला एवढं केलेल्यांचे हात वर्षभरानंतर जास्त कामाचे राहिले. यंत्र लागत नाही, गुडघे लागत नाहीत, गाडीत बसून बरेचसे करता येतात. बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवायची, पंजा फाकवायचा, मिटायचा, मऊ गोळा दाबायचा. महिलांच्या डब्यात हे करणाऱ्या बाईंना शेजारणीने "कुठला जप हो हा?" असं विचारलं तर त्यात आश्चर्य नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात या सगळ्याची परीक्षा होते, कारण चकलीचा सोऱ्या निघतो. पितळी, फिरकीचा, सासूबाईंच्या वेळचा. एका मुठीत नळा आवळायचा, दुसऱ्या हाताने दांडा पिळायचा, वर भाजणी घट्ट. बोटांच्या लहान सांध्यांवर यापेक्षा वाईट जोर देणारं उपकरण शोधून काढायचं तर फार अभ्यास करावा लागेल. फिजिओथेरपिस्ट ताईंनी काकूंना स्पष्ट सांगितलेलं असतं, "काकू, पिळायचं काम बंद. पिशवी कोपरात अडकवा, बरणी दोन्ही तळव्यांनी उघडा, आणि सोऱ्या काकांना द्या." काकूंनी पिशवी आणि बरणी एवढंच पाळलेलं असतं.

शेवटी काका ओट्याशी येतात. रिटायर झालेला माणूस, रोज तळ्याला पाच फेऱ्या, संधिवाताच्या विषयावर बायकोला दुसऱ्या पक्षाचे सल्ले देण्यात आयुष्य गेलेलं. "दे इकडे, त्यात काय एवढं?" पहिला घाणा हसतखेळत. तिसऱ्या घाण्याला काटे तुटायला लागतात, काका भाजणीला नावं ठेवतात. पाचव्याला हात बदलतात.

"अहो, निम्म्यावर थांबा," काकू खुर्चीत बसून सांगतात. "उरलेलं उद्या."

"अर्धवट ठेवू? पीठ बघ केवढंसं राहिलंय!"

काका सगळं पीठ संपवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहाचा कप उचलवत नाही. काकू समोर खुर्ची ओढून बसतात, चष्मा लावतात, अकरा प्रकारांचा तो कागद काढतात आणि म्हणतात, "हं, पंजा फाकवा. जास्त नाही. दुखायला लागलं की सांगा. आणि कण्हू नका, कालच्या तीस चकल्या नीट वळलेल्या नाहीत त्या."